गोडं की खारं: मासे निवडण्याआधी नळ आणि मीटर बघा

‘घरात माशांचा टँक लावायचा, तर मरीन (खाऱ्या पाण्याचा) करावा की फ्रेशवॉटर (गोड्या पाण्याचा)?’ हा प्रश्न बहुतेकांना क्लाउनफिश बघून पडतो आणि उत्तरही तिथेच शोधलं जातं. माशाच्या रंगावर हे ठरवण्यात अर्थ नाही. नळाला कसं पाणी येतं, लाइट किती वेळ जाते, मे महिन्यात खोली किती तापते आणि गणपतीला सगळे गावी गेले की घरात कोण उरतं, यातच निम्मा निर्णय होऊन जातो. उरलेला निम्मा एका मुद्द्यावर: काही बिघडलं तर सावरायला किती वेळ मिळतो? गोड्या पाण्यात बहुधा एक-दोन दिवस मिळतात. खाऱ्यात कधीकधी दोन तास.

हा वेळ कमी का, ते आकड्यांत बघा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. ३० अंशांना हेच आकडे ७.५ आणि ६.२ वर येतात. म्हणजे मरीन टँकची सुरुवातच कमी शिलकीवर होते. त्यात अमोनियाची भर. चाचणीत दिसणारा सगळाच अमोनिया विषारी नसतो. त्यातला किती विषारी, हे मुख्यतः पीएच ठरवतो. पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, मरीनच्या ८.२ ला सात-आठ टक्के. मेलेला मासा दगडामागे राहून गेला आणि अमोनिया १ पीपीएमवर (लिटरला १ मिलिग्रॅम) चढला, तर मऊ पाण्यातले टेट्रा कदाचित निभावून नेतील. मरीनमध्ये त्याच आकड्याचा अर्थ बारा-चौदा पट विष. चाचणीच्या नळीत रंग मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो.

गोडं पाणी: जे नळाला येतं त्याचे मासे

मुंबई-ठाणे आणि पुण्याला येणारं सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मऊ असतं. टेट्रा, रासबोरा, कोरीडोरास, एंजल, फायटर यांना ते सरळ चालतं. दख्खनच्या पठारावरच्या बोअरचं पाणी बहुधा जड; त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, आफ्रिकन सिक्लिड मजेत राहतात. बोअरच्या पाण्यात डिस्कस पाळायला आरओ बसवायचा आणि धरणाच्या पाण्यात आफ्रिकन सिक्लिडसाठी क्षार ओतायचे, हे उद्योग कशाला? पाणी बघून मासा घेतला की हौस निम्म्या खर्चात होते.

क्लोरीन मात्र काढायलाच हवं. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून जे विकतात ते बहुतेक सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच हायपो. केमिकलच्या दुकानातून खडे आणले तर वर्षभराचं काम होतं. १० ग्रॅम हायपो १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. नव्या पाण्याच्या दर १०० लिटरला त्यातलं १० मिलिलिटर, म्हणजे १ ग्रॅम हायपो पडतं. नेहमीच्या क्लोरीनला एवढं पुरतं. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते, नळाला वास येतो. तेव्हा दुप्पट घाला. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर स्पंजातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि आठवड्याने ‘पाणी तर स्वच्छ आहे, मग मासे का मेले’ असा प्रश्न पडतो.

मऊ पाण्याची एक खोड आहे. त्यात पीएच धरून ठेवणारी कार्बोनेट कठीणता, केएच, १-२ डिग्रीच असते. टँकमधले जिवाणू ती हळूहळू खातात, ती संपली की पीएच ६ च्या खाली घसरतो, जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साचायला लागतो. अशा टँकचं पाणी एकदम अर्धं बदललं की पीएच वर उसळतो आणि साचलेला अमोनिया त्याच क्षणी विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासे गेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. उपाय साधा आहे: दर आठवड्याला २५-३० टक्के पाणी न चुकता बदलायचं आणि केएच ३ च्या खाली असेल तर खाण्याचा सोडा घालायचा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा घातला की केएच साधारण १ डिग्रीने वाढतो. एका दिवसात याहून जास्त वाढवू नका.

झाडांचा टँक करायचा असेल तर सुरुवातीला अॅन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया एवढंच पुरे. अॅन्युबियासचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो. तो दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. लाइट सहा-सात तास. शेवाळ आलं की लोक औषध शोधतात. आधी लाइटचा वेळ कमी करा.

खारं पाणी: इथे पाणी बनवावं लागतं

घरच्या आरओचं पाणी चालेल का? पिण्याच्या आरओला बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, म्हणजे यंत्र मुद्दामच थोडे क्षार परत मिसळतं. मरीनला ० टीडीएस हवा. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांचे अंश राहिले तर काचेवर तपकिरी थर आणि दगडांवर केसाळ शेवाळ ठरलेलं. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनची कार्ट्रिज लावायची, तीही मिनरल कार्ट्रिज टाळून. रेझिनमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस १-२ दाखवायला लागला की रेझिन बदला. ते संपत आलं की धरून ठेवलेलं सिलिकेट सोडायला लागतं.

मग मीठ. मिठागरातलं मीठही समुद्राचंच, मग ते का चालत नाही? कारण पाणी आटताना चुना आणि जिप्सम आधीच तळाला बसतात, तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडवट पाण्यात उरतात. ते पाणी मिठागरवाले सोडून देतात. हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. त्यामुळे मरीन सॉल्ट मिक्सला पर्याय नाही. १०० लिटर पाण्याला साधारण ३.६ ते ३.९ किलो लागतं. मिश्रणात ओलावा असतो म्हणून लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने ३.५ किलो मोजलं तर कमी पडतं.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा. ड्रममध्ये आधी पाणी, त्यात पॉवरहेड (पाण्यात बुडणारा छोटा पंप) चालू, मग मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर त्या घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात. पाणी दुधाळ होतं आणि ते गमावलेलं कॅल्शियम परत येत नाही. बारा ते चोवीस तास फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे घनता १.०२५-१.०२६ आली का बघा. रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर जुळवून भागत नाही; ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. हलत्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की तो बिनधास्त खोटं बोलतो.

चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार मनात येत असेल तर सोडून द्या. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी. मोठी मत्स्यालयं समुद्राचं पाणी वापरतात, पण ते गाळून, निर्जंतुक करून.

आता रोजचं काम. पाण्याची वाफ होते, मीठ आत राहतं. २०० लिटरच्या टँकमधून १० लिटर उडालं तर क्षारता ३५ वरून ३६.८ वर जाते. पंखा लावलेल्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर सहज जातं, म्हणजे तीन दिवसांत ही वेळ येते. भरायचं असतं ते ० टीडीएसचं गोडं पाणी. खारं भरलं तर मीठ चढतच जाईल. हे हाताने रोज करणं कुणालाच जमत नाही. म्हणून मरीनमध्ये सगळ्यात आधी ऑटो टॉपअप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र घ्या, लाइट नंतर. त्याचा डबाही दहा-पंधरा लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकून पंप चालूच राहिला तरी एवढ्या पाण्याने २०० लिटरची क्षारता दोन-अडीच पीपीटीच उतरेल. टॉपअपला ५० लिटरचा ड्रम जोडला असेल तर क्षारता तर कोसळतेच, वर जमीनही भिजते.

पंख्याचं एक गणित शहराप्रमाणे बदलतं. पाण्यावर फिरणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने तापमान उतरवतो. नागपूर-सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम करतो, फक्त पाणी भराभर उडतं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत वाफ फारशी होत नाही, मे महिन्यात पंखा फिरूनही काटा जेमतेम एक-दोन अंश हलतो. क्लाउनफिशसारखे मासे २८-२९ अंश काढून नेतात. प्रवाळ ३० च्या वर रंग टाकायला लागतं. म्हणजे किनारपट्टीवर प्रवाळ ठेवायचं तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा चोवीस तास एसीची खोली. मधला मार्ग नाही. चिलर टँकखालच्या बंद कपाटात बसवू नका. तो ओढून काढलेली उष्णता त्याच कपाटात सोडतो आणि ती परत पाण्यात जाते.

मीटर

तीन बाय दीड बाय दीड फुटी, म्हणजे सुमारे १९० लिटरचा टँक धरू. गोड्या पाण्यात १५ वॅटचा फिल्टर चोवीस तास आणि ३० वॅटचा लाइट सात तास: दिवसाला ०.५७ युनिट, महिन्याला १७. त्याच मापाच्या मरीनमध्ये खालच्या टाकीतलं (सम्प) पाणी वर आणणारा रिटर्न पंप, फेसातून घाण काढणारा स्किमर आणि पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर मिळून ६० वॅट चोवीस तास, ९० वॅटचा लाइट आठ तास: महिन्याला ६५ युनिट. त्यात ३०० वॅटचा चिलर आठ तास चालला की आणखी ७२. म्हणजे एकशे सदतीस युनिट, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा महाग आहे. टँकच्या किमतीची घासाघीस करणारे हा हिशेब मात्र करत नाहीत.

लाइट गेल्यावर काय? गोड्या पाण्यात माफक मासे असतील तर चार-पाच तास काही बिघडत नाही. बॅटरीवरचा एअरपंप असला की झालं. बंद पडलेला कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा डब्याचा) मात्र तीन-चार तासांनी सुरू करताना आधी उघडून धुवा, आतलं पाणी सडलेलं असतं आणि ते थेट टँकमध्ये येतं. मरीनमध्ये निदान एक डीसी वेव्हमेकर इन्व्हर्टरवर हवाच. १५-२० वॅटचाच भार असतो, घरातली बॅटरी तो रात्रभर ओढते. वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, म्हणजे पाणी खवळत राहील.

खाऱ्या टँकला ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टँक लावू नका. मिठाचे शिंतोडे वायरवरून सरपटत प्लगपर्यंत जातात. लोखंडी स्टँड रंगवलेला असला तरी दोन वर्षांत गंजतो. अॅल्युमिनियमचा किंवा चांगल्या प्लायचा करून घ्या. वजनही मोजा: १९० लिटर पाणी, काच, दगड, स्टँड मिळून पावणेतीनशे-तीनशे किलो, तेही अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेत. घरांचे स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या आसपासच्या सरसकट भाराला धरून आखलेले असतात. तेव्हा टँक खोलीच्या मध्यावर नको, तुळईच्या भिंतीला लावून ठेवा. जुन्या चाळीत किंवा चार फुटी टँकसाठी इंजिनिअरला विचारा.

कायद्याचा भाग, जो दुकानदार सांगत नाही

प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कठीण कोरल, सी-फॅन, ऑर्गन पाइप कोरल आणि सगळे समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ आहे त्याच यादीत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना उचललेला तुकडा असो की दुकानात ‘डेड कोरल रॉक’ म्हणून किलोवर विकलेला, तो बाळगणं गुन्हा आहे. मेलेला आहे म्हणून सुटका नाही. कठीण कोरल साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतही आहे, त्यामुळे आयात केलेल्यालाही कागद लागतात, आणि जिवंत साइट्स प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बिल आणि आयातीचे कागद दाखवता येत नसतील तर पिशवी परत द्या. दगडांसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात. सिमेंटचे असतील तर पीएच उतरेपर्यंत काही आठवडे पाण्यात भिजवत ठेवावे लागतात. जिवाणूंना सच्छिद्र पृष्ठभाग हवा असतो, तो कशाचा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

माशांच्या बाबतीत बातमी बरी आहे. क्लाउनफिशचं प्रजनन सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) फार पूर्वीच बसवलं, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशन आणि एनबीएफजीआर (माशांच्या आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था) यांची शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. टँकमध्ये जन्मलेला क्लाउन घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून पेलेट (दाणेदार खाद्य) खातो. जाळ्यात पकडून आणलेला कधीकधी दोन-दोन आठवडे उपाशी राहतो. दुकानात घेण्याआधी तो तुमच्यासमोर खातो का ते बघा, हीच मुख्य परीक्षा.

सायकल आणि आजार

सायकल, म्हणजे मासे सोडण्याआधी टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, दोन्हीकडे सारखी: अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट. मासे न घालता करायची तर शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १०० लिटरला ०.६ ग्रॅम, त्याने अमोनिया साधारण २ पीपीएमवर येतो. कल्हईवाल्याची वडी नको, त्यात काय काय मिसळलंय कळत नाही. चार-सहा आठवड्यांनी हा डोस चोवीस तासांत साफ होऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. गोड्या पाण्यात नायट्राइट घातक असतो, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतो. अचानक वाढलाच तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घाला, क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मरीनमध्ये क्लोराइड मुळातच भरपूर, म्हणून तिथे नायट्राइटची फारशी धास्ती नाही. खाऱ्याला मिळालेली ही एकमेव सवलत.

आजारात मात्र खारं पाणी निर्दय आहे. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर, इकवर, तापमान ३० पर्यंत हळूहळू नेऊन आणि बाजारातलं औषध घालून त्याच टँकमध्ये उपचार होतो. मरीन इकवरचा खात्रीचा उपाय म्हणजे तांब्याचं औषध, आणि तांबं कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ सगळ्यांना मारतं. म्हणजे मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये औषध, आणि मुख्य टँक अडीच महिने माशांविना रिकामा, म्हणजे परजीवी उपाशी मरतात. व्हेल्वेट हा परजीवी आजार आला तर एवढा वेळही नाही, दोन-तीन दिवसांत टँकमधले सगळे मासे जातात. त्यामुळे मरीन करणाऱ्याकडे ६० लिटरचा क्वारंटाइन टँक असलाच पाहिजे. प्रत्येक नवा मासा महिनाभर तिथे. जागा दोन टँकची नसेल तर मरीन करायला जागा नाही असंच समजा.

मग काय घ्यावं

पहिलाच टँक असेल तर गोडं, आणि दोन फुटी नव्हे, तीन फुटी. दोन बाय एक बाय एकमध्ये ५७ लिटर पाणी मावतं, एवढ्याशा पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते. तीन फुटीत वीस टेट्रा, आठ कोरी, हनी गौरामीची एक जोडी आणि झाडं, एवढं निवांत राहतं. दुकानदार ‘काच साफ करेल’ म्हणून सकर आणि ‘शोभेला’ म्हणून शार्क देईल. सकर दीड फुटी होतो. ती शार्क खरं तर पंगास आहे, तिला तलाव लागतो. दोन्हींना नाही म्हणा.

वर्षभर पाण्याची चाचणी न कंटाळता करत असाल, घरी कोणीतरी कायम असेल आणि विजेचा वरचा हिशेब झेपत असेल, तर त्याच मापाचा प्रवाळाविना मरीन करा: क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी, एक क्लीनर श्रिम्प. एवढेच. आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे दर खेपेला सुमारे पाऊण किलो मीठ. ब्लू टँग नको, तो फूटभर वाढतो आणि त्याला सहा फुटी टँकही आखूडच पडतो. ‘नॅनो मरीन स्वस्तात होतो’ हा सल्ला नवख्याला देणाऱ्यापासून जपून राहा. ३० लिटरमधून एक लिटर उडालं तरी क्षारता एक पीपीटीने हलते. नॅनो हे सराईताचं काम आहे.

मोठे गोडे मासे हाही विचार करून घ्यायचा प्रकार आहे. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नचा टँक खाण्यात, पाणी बदलण्यात क्लाउनच्या मरीनइतकाच घाम काढतो. अॅरोवाना घ्यायचा विचार असेल तर आशियाई अॅरोवाना साइट्सच्या पहिल्या यादीत आहे, तेव्हा कागदांशिवाय नाही.

हौस सोडणाऱ्यांचे मरीन सेट जुन्या बाजारात पुष्कळ येतात आणि तिथे खरंच पैसे वाचतात. काच, स्टँड, सम्प जरूर घ्या. विकत घेण्याआधी टँक सपाट जागेवर भरून अठ्ठेचाळीस तास ठेवा आणि सांध्यांवरून टिश्यू फिरवा. स्किमर घेताना पंपाचं इम्पेलर (आतलं फिरणारं चक्र) काढून बघा, चुन्याचा थर असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर सुटतो, पाकळी तुटली असेल तर नवं शोधत बसाल. जुने दगड आणि वाळू मात्र घेऊ नका. मालकाने कधी आत तांब्याचं औषध टाकलं असेल तर ते दगडांत मुरलेलं असतं आणि महिन्यांनी सुटत राहतं. ‘कधी तांबं वापरलं का?’ असं विचाराच. उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं तर ते ‘हो’ धरा.